उतारावरची फांदी

यमूला सायकलच्या दांडीवर बसवून हे जामसरच्या वाटेवरच्या उतारावर नेणार, या काळजीनं आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. पाच वर्षांची पोर! हे जव्हारच्या शाळेत मास्तर. एवढी शाळा सांभाळतात, मग एक मूल सांभाळतीलच, अशी मी मनाची समजूत घातली. मग आठवलं, शाळेला चाकं नसतात!

घरात सायकल आली, की किस्से चेनवरच्या धुळीसारखे जमत जातात. पुसायला जावं तर आपलेच हात काळे. आमच्याकडे तर सायकली दोन: एक यांची, दुसरी दवाखान्यातल्या दत्तूभाऊजी कंपाउंडरांची. रविवार उजाडला की दोघं बेपत्ता!

*

आमच्याकडचे उतार असे, की ब्रेकचं रबर तापून वास सुटतो. म्हणून उताराच्या तोंडाशी हे दोघं झाडाची फांदी तोडतात आणि काथ्यानं सायकलच्या मागं बांधतात. ती फरफटत येते, सायकल आवरते.

एकदा साखरशेतच्या बाजूला उताराच्या पायथ्याशी मोळी घेतलेली एक म्हातारी उभी होती. म्हणाली, "मास्तर, रस्ता झाडाय तुमालाच ठेवलाय का?"

यांनी ब्रेकची सगळी विद्या तिला समजावली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, फांदी सोडली, मोळीत खोचली.

"ओली हाय," ती म्हणाली. "पुढल्या टायमाला सुकी आना!"

*

दत्तूभाऊजी सगळ्यांना सांगतात, "सायकल मारा, छाती सुधारते." चढावर मात्र माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसावर बसते! एकदा अर्ध्या चढात भाऊजी नाचणीच्या शेताकडेला आडवेच झाले. शेतकरी धावला, पेज पाजली.

"कंच्या कामाला निघालाव?"

"काम कसलं? सहज. मजा म्हणून."

शेतकऱ्यानं बायकोला हाक मारली, "आनखी पेज आन गो! ऊन डोक्यात गेलाय याच्या!"

*

घरी आल्यावर यांचे पाय लटलट कापत असतात आणि चेहरा मात्र काहीतरी सापडल्यासारखा. तेल चोळताना मी विचारलं, "असं काय मिळतं हो?"

"तू चालवून बघ. तो उतार एकदा उतर. मग यमूला नेऊ नको म्हणालीस, तर नाही नेणार!"

मी हो म्हटलं. नाही म्हणायचा हक्क मिळवायला हो म्हणावं लागलं!

*

शाळेमागच्या मैदानात शिकायला लागले. नऊवारीचा काष्टा सायकलला सोयीचा निघाला. करवंदीच्या जाळीला मात्र नाही. जाळीत पडले तेव्हा भाऊजी धावत आले. "वहिनी, टिंक्चर लावू?"

"आधी सांगा, कुणी पाहिलं का?"

"एका म्हशीनं."

दुसऱ्या दिवशी क्षणभर दोन्ही पाय पेडलवर राहिले. वारा कानात शिरला, आणि तेवढ्यात मी सगळं विसरले. यमूलाही. खाली उतरल्यावर याचीच भीती वाटली. आईला असं विसरता येतं?

*

रविवारी सगळे उतारावर गेलो. यांनी भलीमोठी फांदी बांधली. "यमूला धरून ठेवा," असं तीनतीनदा बजावून मी निघाले.

आणि सायकल कशी चालली! बैलगाडीसारखी. थोड्या अंतरावर तर आणखीच जड झाली. मला वाटलं, फांदी छान बसली. मागून धावत येणारे हे आणि भाऊजी खो खो हसत होते. मला वाटलं, माझ्या काष्ट्याला. हसू देत! उतार संपेपर्यंत मी ठरवूनही टाकलं होतं: यमू दांडीवर बसणार नाही म्हणजे नाही.

पाय टेकले, मागं वळले.

फांदीच्या पानांत, केसांपासून नखांपर्यंत लाल धुळीनं माखून यमू फतकल मारून बसली होती. दोन्ही मुठींत डहाळ्या घट्ट. ओरडायला मी तोंड उघडलं.

"आई, किती हळू चालवतेस गं!" ती म्हणाली. "आता फांदी काढ ना!"