मांडूच्या दरीत वहिनींच्या मागे

सायकली पिकअपमध्ये चढवून आम्ही उजाडताना धार सोडलं. पुण्याहून मी चार दिवसांसाठी माहेरी आले होते आणि वहिनींनी दुसऱ्याच दिवशी मला जंगलात न्यायचं ठरवलं. वहिनी मूळच्या देवासच्या. तिथल्या शंकरगडाच्या टेकडीवर त्या माउंटन सायकल शिकल्या, तीही पंचेचाळिशी उलटल्यावर. आता त्या धारच्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवतात.

नालछ्याला पोहे आणि गरम जिलेबी खाल्ली. "वन्सं, पोटभर खा," वहिनी म्हणाल्या, "चढ बहुत आहे." आमच्या घरात नणंदेला अजून वन्संच म्हणतात.

मांडूच्या अलीकडच्या वनचौकीवर मला खरा प्रकार कळला. वहिनींना शाळेच्या मुलींना या वाटेने न्यायचं होतं. रेंजरसाहेबांची अट होती, आधी स्वतः दरीत उतरून बाराच्या आत चौकीवर परत या, मग परवानगीचं बघू. चौकीवरच्या वनरक्षकाने वहीत वेळ लिहिली, साडेआठ.

"दीदी, बारह मतलब बारह," तो म्हणाला.

"हो भिया," वहिनी हसल्या. इकडे भैयाचं भियाच होतं.

वाट आधी सागाच्या पानगळीतून गेली. चाकांखाली पानं चुरचुरत होती. मग काळे सुटे दगड लागले. वहिनी सीटवरून उठून, गुडघे सैल सोडून उतरत होत्या. मी दोन्ही ब्रेक आवळून, जीव मुठीत धरून. एका वळणावर झाडी बाजूला झाली आणि खाली निमाड पसरलेलं दिसलं. उन्हात चमकणारी शेतं, त्यापलीकडे नर्मदेच्या बाजूचं धुकं. "तो मनावर गावाकडचा भाग," वहिनींनी हात केला, "आणि त्याच्या पुढे कुक्षी. तिकडे पण जायचंय मला." त्यांच्या बोलण्यात सगळा जिल्हा अंगणासारखा होता.

दरीच्या तळाशी ओढ्याकाठी एक भिल्ल बाई खाखऱ्याची (पळसाची) पानं तोडत होती. तिने आम्हा दोघींना न्याहाळलं. "साइकिल से उतरी इधर?" तिने विचारलं आणि तोंडाला पदर लावून खूप हसली. मग आमच्या बाटल्या झऱ्याच्या पाण्याने स्वतः भरून दिल्या.

परतीच्या चढावर मी घोळ घातला. पेडलवर सगळा जोर असतानाच गिअर बदलला. कडकन आवाज झाला आणि चेन तुटून सापासारखी मातीत पडली. अकरा वाजून गेले होते.

"वहिनी, तुम्ही पुढे जा. मी ढकलत येते."

"मुली बरोबर असत्या तर कुणाला मागे सोडलं असतं?" त्या खाली बसल्या. पिशवीतून छोटं अवजार काढलं, वाकडी कडी दाबून बाहेर ढकलली, सुटी कडी घालून दोन्ही टोकं जोडली. पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्या वेळी बोटाला चांगलंच लागलं. तिसऱ्या वेळी चेन फिरली. काळ्या हातांनी कपाळ पुसत त्या उठल्या. "आता हलका गिअर. रडायचं नाही."

चौकी दिसली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. वनरक्षकाने आमच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. "दीदी, बारह लिख दूँ?" तो हळूच म्हणाला.

माझ्या मनात आलं, हो म्हणा! वहिनी म्हणाल्या, "नहीं भिया. बारह दस लिखो. चेन टूटी, वो भी लिखो."

त्याने साहेबांना फोन लावला. बराच वेळ नुसतं "जी सर" चाललं होतं. वहिनी ओढणीने हात पुसत उभ्या होत्या, पण ग्रीस निघत नव्हतं. शेवटी वनरक्षक वळला. "साहब पूछ रहे हैं, चेन किसने जोड़ी?"

"मैंने."

पुन्हा कुजबुज. मग त्याचा चेहरा खुलला. "बोल रहे हैं, जो जंगल में चेन जोड़ ले और टाइम सच बताए, उसके साथ बच्चियाँ जा सकती हैं."

वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला की काळे डाग मलाही लागले.

इतकी वर्षं मी चारचौघांत त्यांची ओळख 'दादाची बायको' अशीच करून देत आले, याची परतताना लाज वाटली. पुण्याच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, माहेरी कोण कोण असतं? "माझ्या वहिनी असतात," मी म्हणाले, "मांडूच्या जंगलात मुलींना सायकलवर नेणार आहेत." माझा आवाज एवढा चढला होता की पुढच्या सीटवरचे दोघं वळून बघायला लागले. मी तो मुळीच खाली आणला नाही.