नारळ ठेवायच्या आधी

परवा राजापूरच्या एसटीने आईने धाडलेली आंब्याची पेटी आली. रत्नागिरी स्टँडवरून घरी आणली, पण अजून उघडलेली नाही... का ते सांगते.

मी इथे शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. जानेवारीत धड्यात अझ्यूम आणि प्रिझ्यूम असे दोन शब्द आले. दोन्हींना 'गृहीत धरणे' म्हणून मी मोकळी झाले... मग इंग्रजीला दोन कशाला लागतात, असा पोरांचा सवाल!

घरी येऊन डिक्शनरी काढली. दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले आणि दोन्हींच्या पोटात 'घेणे' हाच अर्थ. प्रिझ्यूम म्हणजे आधीच घेणे, अझ्यूम म्हणजे आपल्याकडे घेणे. आणि गंमत म्हणजे आपल्या 'गृहीत'चा मूळ अर्थही 'घेतलेलं' असाच. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगताना मी आपली खूश... पोरांचे चेहरे कोरेच.

त्याच आठवड्यात संक्रांतीला आईकडे गेले. बाबा गेल्यानंतर आमच्या आंब्याच्या कलमांना आलेला हा पहिलाच मोहोर.

आमच्याकडे हापूसची बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला देतात, फळ धरायच्याही आधी. व्यापारी पहिल्या कलमापुढे नारळ ठेवतो, की सीझनभर बाग त्याची. मग फवारणी, राखण, काढणी सगळं त्याच्याकडे. आमच्या बागेत वर्षानुवर्षं हा नारळ बापूशेठचा. माणूस चांगला, व्यवहाराला चोख.

यंदा बापूशेठ आले ते फवारणीची माणसं घेऊनच. पंप सुरू झाला, पाइप बागेत गेला, शेठ घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर टेकले. विचारायचं काय त्यात... बाई एकटी, बाग देणारच!

मुंबईच्या काकांनीही तेच धरलं होतं. बाग आईला झेपेल का, ही धाकधूक मलाही होतीच. ढगाळ हवा पडली की मोहोर बघता बघता काळा पडतो, आणि बाग स्वतः केली तर ते नुकसान तिच्या एकटीच्या डोक्यावर.

आईने शेठना चहा दिला. मग पदराला हात पुसत शांतपणे म्हणाली, "बापूशेठ, नारळ अजून तुमच्या पिशवीतच आहे ना? मग फवारणी कोणाच्या बागेत चाललीय?"

आईने सांगून टाकलं, यंदा बाग ती स्वतः करणार. बाबा आजारी होते तेव्हापासून ती शेठच्याच माणसांमागे फिरून एकेक काम शिकून घेत होती... आणि मला याचा पत्ताच नाही!

शेठ आता भडकणार, असं वाटलं. पण त्यांनी आधी पंप बंद करायला लावला. मग पिशवीतला नारळ काढून आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "वहिनी, मग हा तुम्हीच ठेवा."

आईने तो पहिल्या कलमापुढे ठेवला, हात जोडले.

सोमवारी वर्गात हीच गोष्ट सांगितली. बापूशेठनी बाग आधीच आपली धरली, ते प्रिझ्यूम; आईने ती आपल्याकडे घेतली, ते अझ्यूम. या वेळी माना भराभर हलल्या... अर्ध्या वर्गाच्या घरी कलमं आहेत. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मॅडम, मोहोर टिकला का?"

शब्द गेले उडत! त्या दिवसापासून रोज तोच प्रश्न. फेब्रुवारीत आभाळ भरून आलं तेव्हा आईपेक्षा माझा वर्गच जास्त काळजीत होता. आई मात्र माणसं लावून फवारणी करून घेत होती आणि फोनवर मलाच धीर देत होती.

टिकला. सगळा नाही, पण टिकला.

दरवर्षी पेटीवर बापूशेठच्या नावाचा छाप असायचा. परवाच्या पेटीवर निळ्या रंगात, आईच्या वाकड्यातिकड्या अक्षरात तिचं स्वतःचं नाव आहे... सुनंदा. कुठल्याही पेटीवर तिचं नाव मी आजवर पाहिलं नव्हतं.

उद्या ही पेटी वर्गात नेऊन पोरांसमोर उघडणार आहे. पहिला आंबा मागच्या बाकाला.