धारच्या नाचरीची चावी

माझे वडील नारायणराव, म्हणजे आमचे दादा, देवासला घड्याळं दुरुस्त करतात, पण स्वतःला ते ‘धारच्या नाचरीचे चावीवाले’ म्हणवतात. नाचरी म्हणजे धारच्या मानसिंगरावांच्या घरची हातभर उंचीची यांत्रिक बाहुली, दरबारात नाचणाऱ्या कुणा नर्तकीवरून बनवलेली. ती एकदा बिघडली तेव्हा माझ्या पणजोबांनी दुरुस्त केली. तेव्हापासून गौरीपूजनाला तिला चावी द्यायचा मान आमच्या घराचा. एकवीस वळसे, एकही जास्त नाही. आणि पणजोबांची सक्त ताकीद होती, की तिची पाठ कधी उघडायची नाही.

हे ऐकून माझे कान किटलेत. दुकानात कुणी म्हणालं, "भिया, बस सेल बदल दो," की दादा सुरू. "नव्वद वर्षं झाली, आमच्या आजोबांच्या दुरुस्तीला हात लावावा लागला नाही!" माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांनी आधी नाचरी सांगितली, मग माझं शिक्षण.

त्या घरी गौरींची मांडणी बायकाच करतात, नाचरीही त्याच मांडतात. दादांनी फक्त चावी फिरवायची. ती नाचते तेवढा वेळ घरच्या थोरल्या सुनेनं गौरींच्या पडद्यामागं बसून जप करायचा, हा तिथला रिवाज. चाळीस वर्षं तिथं उमाबाई बसतात.

पाच वाजता बायका हळदीकुंकवाला येणार, म्हणून दुपारी एकदा चालवून बघतात. यंदा मीही दादांबरोबर धारला गेले होते. दादांनी एकवीस वळसे दिले, घरघर सुरू झाली, पण नाचरी हलली नाही. पुन्हा चावी, पुन्हा नुसती घरघर.

"काका, खोलून बघा ना," उमाबाईंची नात वैभवी म्हणाली.

दादा तयार होईनात. मग मीच भडकले. "पाच वाजता काय सांगणार आहात सगळ्यांना?" शेवटी त्यांनी चार स्क्रू काढले.

आत स्प्रिंग होती, तिच्यावर फिरणारा एक छोटा पंखा होता, घरघर त्याचीच. पण स्प्रिंगपासून बाहुलीच्या हातापायांपर्यंत जाणारं एकही चक्र नव्हतं. सत्तरी गाठलेले माझे वडील त्या पोकळीत बोट घालून चाचपत राहिले.

"चोरी झाली," ते ओरडले. "बाईसाहेब, तुमच्या घरात चोरी झाली!"

पडदा हलला आणि उमाबाई बाहेर आल्या. त्यांच्या बोटांना रेशमी दोरी गुंडाळलेली होती. तिचं दुसरं टोक नाचरीच्या चौरंगाखाली गेलं होतं.

"चोरी नाही, नारायणराव. यंदा संधिवातानं माझी बोटंच वळेनात. तुमच्या आजोबांनी चक्रं काढली, पण ती परत बसवता येईनात. आमच्या आजेसासूबाईंपुढं ढसाढसा रडले. दरबारात अब्रू जायची वेळ. त्या म्हणाल्या, तुम्ही चावी द्या, आम्ही नाचवतो. त्यांच्यानंतर सासूबाई, मग मी. तुमचे एकवीस वळसे मोजायचे आणि घरघर सुरू झाली की ओढायचं."

मला भयंकर संताप आला, पण कुणावर ते कळेना. नव्वद वर्षं! आमच्या घराची सगळी फुशारकी त्या दोरीवर चालली होती, आणि दोरी ओढणारी ही बाई चाळीस वर्षं दादांच्या बढाया निमूट ऐकत आली होती.

दादांनी विचारलं, "तुम्हाला ती नाचताना दिसते का हो?"

"मागून काय दिसणार? लग्न होऊन आले ती पडद्यामागंच."

दादांनी त्यांच्या बोटांवरची दोरी सोडवली.

पाच वाजता चावी वैभवीनं दिली, मोठ्यानं मोजत. पुरुषानं पडद्यामागं जायचं नसतं, हे दादांना सांगायला कुणी गेलं नाही. उमाबाईंना मी सगळ्यांच्या पुढं बसवलं. घरघर सुरू झाली. नाचरीनं जरा अडखळतच हात उचलला, मान वळवली, गिरकी घेतली.

उमाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "ही डोळे मिटते!"