गिरजाबाईंच्या सुनेचे डोहाळे

आमच्या उपकेंद्रात गोळ्या संपतात, सुया संपतात, विजेचं तर विचारूच नका. किस्से मात्र संपत नाहीत! मी रोहण्याजवळच्या एका गावात सिस्टर आहे. त्यातून गिरजाबाईंच्या घरी गेले, की एखादा किस्सा पिशवीत घेऊनच परत येते.

गिरजाबाई शेतात भाजी पिकवतात आणि बाजारात स्वतः विकतात. सून वैशाली दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिली मुलगी फारच कमी वजनाची जन्मली आणि राहिली नाही. या वेळी बाळाने वजन धरलं पाहिजे, एवढंच माझ्या आणि आशा वर्कर रेखाच्या डोक्यात होतं. खरं सांगते, जीव टांगणीला लागला होता.

*

वैशालीचं रक्त काही वाढेना. लोहाच्या गोळ्यांचं विचारलं, तर ती सासूकडे बघायला लागली.

"गोळीनं लेकरू काळं होते, सिस्टर," गिरजाबाई म्हणाल्या. "मी त्या वांग्याच्या बुडाशी टाकल्या."

मी कपाळाला हात लावला. त्यांनी माझ्यापुढे पिशवी धरली. "घेऊन जा, तुमच्याच गोळ्यांची वांगी हायेत. पहा कशी काळीभोर आली!"

*

जेवणाचं तेच. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं वैशालीला. वर, पोटभर खाल्लं तर लेकरू दबतं म्हणे!

"मावशी, तुमची म्हैस गाभण होती तेव्हा काय घालत होता?"

"ढेप, सरकी, हिरवा चारा. पोटभर!"

"मग सुनेला का नाही?"

"म्हैस दूध देते नं!"

आतून वैशालीचा आवाज आला, "मी बी देईनच नं, आई!"

*

कापूस वेचणीचे दिवस होते. "दुपारी आराम करतेस ना?" मी वैशालीला विचारलं.

"करतो नं, सिस्टर. वेचणी उभ्यानं करा लागते. निंदण तं बसूनच असते!"

*

नवरा मंगेश भला माणूस. तिला जड उचलू देऊ नको म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून स्वतः पाणी भरायला लागला. नळ हाकेच्या अंतरावर, तरी मोटरसायकलवर जायचा, डोक्यात हेल्मेट, काच खाली. बायकोचं पाणी भरताना कोणी ओळखू नये म्हणून! हायवेवर कधी हेल्मेट घातलं नाही पठ्ठ्याने.

नळावरच्या बाया म्हणाल्या, "मंगेशभाऊ, काच वर करा, हंडा भरून सांडून राह्यला!"

*

शेवटी रेखाने युक्ती काढली. डोहाळे मोडायचे नसतात, हे गिरजाबाईंना पक्कं मान्य. वैशालीला आम्ही पढवून ठेवलं. मग काय, आज पालक, उद्या अंडी, परवा शेंगदाण्याचा लाडू!

गिरजाबाई सगळं मुकाट्याने करून घालत होत्या. एकदा उपकेंद्रात आल्या आणि भिंतीवरचा आहाराचा तक्ता बघत उभ्या राहिल्या.

"आमाले चिंचा लागत होत्या, बाप्पा. हिचे डोहाळे काऊन तुमच्या तक्त्यावाणी?"

मी आणि रेखा खिडकीबाहेर बघायला लागलो.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "उद्या कशाचे लागनार हायेत, तेवढं सांगून ठेवा."

*

वैशाली भरदुपारी दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी! वजन अडीच किलोच्या वर. मी तर नाचायचीच बाकी होते. गिरजाबाईंना मात्र पटेना.

"काट्याचं मले नका सांगू. मी रोज बाजारात बसतो!"

त्यांनी थैलीतून चक्क किलोचं लोखंडी वजन काढलं. तिथली नर्स "अहो, अहो" करेपर्यंत कागद पसरून काट्यावर ठेवलंसुद्धा. बरोबर एक किलो!

"आता पोरीले ठेवा. दुपटं काढून! दुपट्याचं वजन कापा लागते."

दुपटं काढलं. तरी अडीचच्या वरच.

गिरजाबाई हातातल्या त्या किलोच्या वजनाकडे बघत म्हणाल्या, "पहिली याच्याहून थोडीशीच जड होती, सिस्टर."

मी नातीला दुपट्यात गुंडाळायला लागले. त्यांनी माझा हात धरला.

"अजून एकदा ठेवा."

"का हो मावशी? काटा बरोबर निघाला ना?"

"काटा बरोबर हाये. मले पाहाचं हाये."