चालू नाटकातला सत्कार

आमच्या जवळा बाजारच्या हौशी नाट्यमंडळाने मला दिग्दर्शक केलं, ते मला नाटकातलं कळतं म्हणून नव्हे. आधीचे दिग्दर्शक बदली होऊन गेले होते आणि उरलेल्यांपैकी एकाला केलं तर दुसरा रुसणार होता. म्हणून शाळेतल्या बाई बऱ्या. बाई मेकअप करतील, साड्या आणतील, तालमीला चहाचंही बघतील. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पहिल्याच बैठकीत कपांचा ट्रे माझ्यापुढे सरकवला तेव्हा काय ते कळलं. मी तो तसाच परत सरकवला आणि म्हटलं, "माझी एकच अट आहे. पडदा उघडल्यावर नाटक कुणासाठीही थांबणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. "बराबर हाय मॅडम," मंडळाचे सचिव म्हणाले.

अशी अट कशाला, हे परगावच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे नाटक रंगात असताना कुणी बडी असामी मांडवात आली, की नट आहेत तिथे गप्प उभे राहायचे. निवेदक माईक घ्यायचा, पाहुणे स्टेजवर चढायचे. शाल, नारळ, हार, मग दोन शब्द, जे कधीच दोन नसत. पाहुणे उतरले की नायक पुढचं वाक्य बोलायचा. तलवार उपसून ताटकळलेला राजा मी स्वतः पाहिलाय. त्यात हिंगोलीचा नुकताच वेगळा जिल्हा झालेला. जिल्ह्याबरोबर जिल्हाध्यक्ष उगवले, उपाध्यक्ष उगवले, आणि प्रत्येकाला हार हवा. दिवसभर कापूस वेचून आलेली माणसं पाय दुखत असताना तालमीला उभी राहतात, आणि मान मात्र उशिरा येणाऱ्याचा! मला या प्रकाराची चीड होती आणि आजही आहे.

नाटक मीच लिहिलं. घरदार सोडून पुढाऱ्यांच्या मागे हिंडणारा एक कार्यकर्ता जीपमधून पडून मेलाय, आणि त्याच्या मयताच्या घरात घडणारं हे नाटक. शेवटी त्याची बायको प्रेताशी बोलते. प्रेताचं काम सचिवांना दिलं, कारण त्यांना एक वाक्य पाठ होत नसे. नाटक आपल्यासारख्यांवरच आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

बायकोच्या कामाला दरवर्षी नांदेडहून पगारी नटी आणत. मी म्हटलं, यंदा आपल्यातलीच बाई उभी राहील. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तयार झाली. ती शिरड शहापूरच्या वाटेवरच्या तांड्यातली होती. शाळेच्या हळदीकुंकवाला तिने एकदा भांडकुदळ शेजारणीची नक्कल केली होती, ती मी विसरले नव्हते. परवानगी मागायला तांड्यावर गेले, तर तिचे सासरे बराच वेळ विडी ओढत बसले.

"बाई, तुमच्या शबदावर सुनेला धाडून राहिलो," ते म्हणाले. "पन लोकं हासले, तं ते आखरीचं. मंग ही न्हाई, अन् आमच्या तांड्यातली दुसरी कोनतीबी पोरगी न्हाई."

मी शब्द दिला. तिला तालमीला घेऊन निघाले, वाटेत विचारलं, भीती वाटते का.

"न्हाई बाई. येवढं बोलाया मला घरात कोन देते?"

प्रयोगाच्या दिवशी मांडव गच्च भरला. ती प्रेताच्या उशाशी बसली, पदर सावरला आणि बोलू लागली. पहिल्या चार वाक्यांतच बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू आले. सासरे पुढेच बसले होते, मान खाली घालून. मी विंगेत उभी होते.

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. निवेदक माझ्या शेजारून धावत स्टेजवर गेला. "आपल्या जिल्ह्याचे लाडके नेते..." आणि प्रेत उठलं. हो, उठलं! हार सचिवांच्याच हस्ते घालायचा ठरला होता ना, माझ्या पाठीमागे. नाकपुड्यांत कापूस, कपाळाला गुलाल, अशा अवताराने ते हात जोडून पुढे गेले. मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. सासऱ्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि ते उठून उभे राहिले.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अटीला माना डोलावताना यांना अट कळलीच नव्हती, की माझ्या बोलण्याला अट मानायची यांची तयारीच नव्हती? मी विंगेतून गेले आणि माईकची वायर उपटली. निवेदकाचे नुसतेच ओठ हलू लागले. "मॅडम, काय करून राहिल्या?" सचिव ओरडले. "नाटक चालू आहे," मी म्हटलं. पण माझा आवाज हशात बुडाला.

मी तिच्याकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती. तिने समोरच्या रिकाम्या चटईवरून हात फिरवला. मग मान वर करून, हार घेऊन उभ्या असलेल्या सचिवांकडे, म्हणजे आपल्या नवऱ्याकडे, पाहिलं. हे वाक्य माझ्या नाटकात नव्हतं.

"सायेब आले म्हनून उठले व्हय? मेल्यावरबी उठले!" तिचा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी बाळंतपनात मरून राहिले व्हते, लेकरू अडलं व्हतं, तवा काहून उठले न्हाई?"

हसू जिथल्या तिथे थांबलं. बायकांच्या बाजूने कुणीतरी मोठ्याने रडलं. नेते स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे होते, त्यांनी तो खाली घेतला. सासरे पुन्हा खाली बसले.

 सचिव हार हातात धरूनच परत आले, चटईवर आडवे झाले आणि आपल्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली. आणि ती तिचं राहिलेलं सगळं बोलली.