चौथ्या भागावरचा बहिष्कार आणि ताईची सोयरीक

माझ्या ताईची सोयरीक एका व्हिडिओ गेमच्या चौथ्या भागामुळे मोडायला आली होती.

गेमचं नाव 'मूनहोल्ड'. यात आपण एक पात्र घ्यायचं, राज्यभर हिंडायचं आणि कुणाच्या बाजूने लढायचं ते स्वतः ठरवायचं. पहिला भाग आला तेव्हा लोक म्हणाले, माणसं ठोकळ्यांसारखी दिसतात. दुसरा आला, तसा पहिला एकदम थोर ठरला! तिसऱ्याला सगळ्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या (मीही घातल्या). मग चौथा आला आणि तोच तिसरा रातोरात अभिजात झाला. कारण चौथ्यात नायक थेट राजाचा शिपाई! बंडाची सोयच नाही, असं जो तो सांगत होता. बाबांच्या मोर्चांच्या पत्रकांच्या घड्या घालत जो लहानाचा मोठा झाला, त्याने हे सहन करायचं? मी पत्रक काढलं : 'राजाची चाकरी नको! चौथ्या भागावर बहिष्कार!' नळदुर्गच्या ढाब्यांवर स्वतः वाटलं. ड्रायव्हर मंडळींनी त्यावर भजी खाल्ली. असो. जागृतीला वेळ लागतो.

तेवढ्यात जळकोटहून ताईला बघायला पाहुणे आले. मुलगा प्रशांत, शाळेत शिक्षक. दोघं सोलापूरला एकत्र शिकलेले, ताईला तो केव्हाच पसंत होता. सकाळीच तिने मला बजावलं, "आज तोंड उघडलंस तर बघ!"

"मी फक्त पोहे देणार," मी म्हणालो.

पोहे देता देता मी सहज विचारलं, "रिकाम्या वेळात काय करता?"

"गेम खेळतो. मूनहोल्ड."

मला गहिवरून आलं! "कितवा भाग आवडतो?"

"चौथा."

मी बशी परत ओढून घेतली.

"हे काय करालास?" आई ओरडली.

आता, आमच्या घरात भांडण होत नाही, सभा होते. भाजीत मीठ जास्त पडलं तरी अध्यक्ष निवडला जातो. बाबा उठले आणि म्हणाले, "वाद नको. रीतसर चर्चा करू." मुलाच्या मामांना अध्यक्ष केलं. मामा लाजले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "पन विषय काय हाय?"

"मुलाची भूमिका!" मी बाजेवर चढलो. "हा मुलगा राजाचा शिपाई आहे! जनतेवर हत्यार उचलतो!"

"उतर खाली, बाज मोडंल!" आई.

"आमचा प्रशांत मुंगीबी मारत न्हाय वो!" मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी.

"मामा, गेम हाय त्यो," प्रशांत कळवळून म्हणाला.

मामांनी विचार केला. "त्यो राजा पगार देतो का?"

"न्हाय."

"मग फुकट कशाला राबालास रं?"

"बघा! हेच शोषण!" मी टाळी वाजवली.

"पटलं," मामा म्हणाले. "असल्या बिनपगारी पोराला पोरगी द्या म्हनायला आमालाच लाज वाटालीय. उठा!"

पाहुणे खरोखर चपला शोधू लागले! तेव्हा ताई आतून आली. चेहरा पांढराफटक, पण आवाज सभेला शोभणारा. "अध्यक्ष, वक्त्याला एक प्रश्न. चौथा भाग तू खेळलास का?"

"बहिष्कार टाकलेला गेम खेळायचा कसा?" मी बाणेदारपणे विचारलं.

"म्हणजे खेळलाच नाहीस!" ताई म्हणाली.

"शेवटी बंड हाय की त्यात," प्रशांत हळूच म्हणाला. "शिपाईच राजाला खाली खेचतो."

मामांनी चप्पल खाली टाकली. "राजाच्या घरात शिरून राजाला पाडलं? वाघ हाय आपला पोरगा! बसा समदे. सोयरीक पक्की! आन् वक्त्याला खाली उतरवा."

लग्न झालं. परवा दाजींनी पाचवा भाग आणला. त्यावर माझा बहिष्कार कडक आहे. मी रिमोटला बोटही लावत नाही. फक्त दाजींच्या मागे बसून, कुठल्या दारातून आत शिरायचं, ते ओरडून सांगतो.