बाल्कनीत ठेवलेले बूट

मला किळस लवकर येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला समजूतदार बाई समजायला नको. पनवेलच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं आणि रोज प्रार्थना झाली की आधी मुलांची नखं बघितली, मग खडू हातात घेतला. दुसऱ्याच्या घरी चहा प्यायची वेळ आली तर अजूनही माझं लक्ष आधी कपाच्या कानाकडे जातं. तिथे काळं बसलेलं असलं की चहा कितीही चांगला असो, माझ्या घशाखाली उतरत नाही.

गेल्या डिसेंबरात मुलीने मला अमेरिकेला नेलं. मी काही अमेरिका बघायला गेले नव्हते. मला माझी नात हवी होती. नात आठ वर्षांची, एकुलती एक. जूनमध्ये शाळा सुटली की दोन महिने तिने पनवेलला माझ्याजवळ राहावं, एवढंच माझं मागणं होतं. नवरा गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. टीव्हीशी किती बोलणार?

मुलगी म्हणाली, "आई, मी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही. नाताळच्या सुट्टीत आपण सगळे बर्फात जाणार आहोत. सहा दिवस तुम्ही दोघी एका खोलीत राहा. शेवटच्या दिवशी मी तिला विचारेन. ती हो म्हणाली तर पाठवते."

मी म्हटलं, ठीक आहे. सहा दिवसांत आठ वर्षांची पोर आपलीशी करता येत नसेल तर इतकी वर्षं शाळेत काय केलं मी? खरं सांगायचं तर निघण्यापूर्वीच मागच्या खोलीला रंग लावून तिच्यासाठी नवी गादी करून घेतली होती.

ते गाव कोलोरॅडोतल्या डोंगरात होतं. गाव आपलं म्हणायचं. एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, आणि निम्म्या दुकानांत एकच माल, डोंगरावरून घसरायचं सामान. आमच्याकडे विमानतळासाठी डोंगर फोडून सपाट केला. इथे डोंगर तसाच ठेवलाय आणि दिवसभर त्याच्या माथ्यावरून माणसं सोडतात. पाळण्यात बसून वर जायचं, घसरत खाली यायचं, परत रांगेत उभं राहायचं. त्यासाठी जगभरातून लोक येतात म्हणे. येवोत बापडे.

पहिल्याच दिवशी बूट भाड्याने घ्यायला गेलो. दुकानात शिरले आणि नाकाला पदर लावला. भिंतभर फळ्या, फळ्यांवर शेकडो बूट, आणि प्रत्येकात आदल्या दिवशी कुणाचा तरी पाय होता. काउंटरवरच्या दाढीवाल्या माणसाने नातीसाठी एक जोड काढला, आत कसलासा फवारा फुसफुसवला आणि दिला तिच्या हातात. फवारा मारला म्हणजे घाम जातो का? लोकांच्या पायातलं काढून आपल्या पोरीच्या पायात घालायचं. 

"अगं, नवीन घ्या ना तिला," मी मुलीच्या कानात म्हटलं.

"सगळे असेच घालतात, आई."

"सगळ्यांचं मला काय सांगतेस?"

नातीने आपला पाय आत घातला आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला वाटलं, ती बूट दाखवतेय.

दुसऱ्या दिवशी हॉट टब. इमारतीच्या मागे उघड्यावर गरम पाण्याचा एक हौद, वरून बर्फ पडतोय आणि आत दहा-बारा माणसं गळ्यापर्यंत बुडालेली. बाया, बाप्ये, कुणाची कुणाशी ओळख नाही. एकाच्या हातात बियरचा डबा. पाण्यावर फेस, आणि त्या फेसात एक चिकटपट्टी तरंगत होती, जखमेवर लावतात ती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. आणि त्यात माझे जावई डोळे मिटून बसलेले. दहा जणांच्या आंघोळीच्या पाण्यात अकरावा माणूस सुखाने बसतो म्हणजे कमाल झाली. नात पाण्यातून हात हलवून बोलावत होती, "आजी, ये ना, नुसते पाय बुडव." मी लांबूनच मान हलवली.

खायची तर बोंबच. डोंगराखालच्या हॉटेलात माणसं ते बूट घालूनच खड खड करत शिरायची. त्याच बुटांनी संडासात जायची, तिथल्या ओल्या लादीवरून परत येऊन तेच पाय समोरच्या खुर्चीवर टाकायची. शेजारच्या टेबलावर एक बाई स्वतःच्या चमच्याने कुत्र्याला आइस्क्रीम भरवत होती. एक घास त्याला, एक स्वतःला. मी पाणी मागितलं तर ग्लासात बर्फ. बाहेर कमी पडलाय का? मी पर्समधून शंकरपाळ्यांची पिशवी काढली आणि चार दिवस तेच खाल्लं.

पण नातीचं आणि माझं जमत होतं, हेही सांगायला हवं. झोपताना ती गोष्ट मागायची. गव्हाणला माझं माहेर, तिथल्या खाडीकाठच्या खाजणातल्या शेतीच्या गोष्टी मी सांगायचे. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखल तुडवून घरी आलो की माझी आई पाण्याचा हंडा घेऊन दारातच उभी असायची. "पाय धू आन् मंग ये, घर हाय ह्ये," म्हणायची. नातीला ते वाक्य फार आवडलं. तिच्या बोबड्या मराठीत ते म्हणून बघायची. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, पनवेलला चिखल आहे का? मी म्हटलं, जूनमध्ये ये, मग हवा तेवढा. ती खुदकन हसली. मी मनातल्या मनात तिची बॅग भरली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती धावत आली आणि ओल्या मोज्यांनिशी सरळ माझ्या अंथरुणात घुसली. तिला काहीतरी सांगायचं होतं. ते मोजे दिवसभर बुटात कोंबलेले, कुबट, माझ्या पायाला लागले. मी तिला ढकललं नाही. पण "ई, लांब हो आधी" असं तोंडून निघून गेलं. ती उठली, मोजे काढले, न्हाणीघरात जाऊन पाय धुवून आली आणि पलंगाच्या टोकाला बसली. मग तिने सांगितलं की ती रोज घसरायला शिकायला जायची त्या वर्गाची शेवटच्या दिवशी शर्यत आहे, आणि आज ती पहिल्यांदा न पडता खाली आली. मी शाबास म्हटलं. किती शहाणी पोर, न सांगता पाय धुतले, असंही मनात म्हटलं. इतकी मी मूर्ख.

पाचवा दिवस. शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. नात दिवसभर त्याच धुंदीत होती. वाकून कसं यायचं, झेंड्यांच्या मधून कसं वळायचं, हे तिने मला जेवणाच्या टेबलाभोवती फिरून दाखवलं. संध्याकाळी ते तिघे हॉट टबला गेले आणि घरात मी एकटी राहिले.

आम्ही उतरलो होतो त्या भाड्याच्या घरात दाराशीच एक कोनाडा होता. त्यात खालून गरम हवा येणाऱ्या नळ्या, आणि त्या नळ्यांवर हे लोक रोज बूट उलटे अडकवून ठेवायचे. कोनाड्याला लागूनच ओटा. मी आमटीला फोडणी देत होते आणि हिंगाच्या वासाच्या ऐवजी तीन जोड बुटांचा वास गरम होऊन माझ्या नाकात शिरत होता. पाच दिवस मी तो सहन केला होता. उंबऱ्याच्या आत, अन्नाशेजारी, परक्या माणसांचे पाय शेकत ठेवल्यासारखे ते बूट. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी ते उचलले. दोन बोटांनी, सहाही. बाल्कनीचं दार उघडलं आणि बाहेर भिंतीला लागून ओळीने मांडून ठेवले, टाचा भिंतीकडे, जसे आमच्या पनवेलच्या दाराबाहेर चपला-बूट असतात तसे. पादत्राणं घराबाहेर, एवढी साधी गोष्ट या लोकांना कळू नये. मग हात साबणाने दोनदा धुतले, कोनाड्याला पडदा होता तो ओढून घेतला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. नळ्यांवर बूट वाळवतात आणि मुख्य म्हणजे गरम ठेवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. पडदा उघडून बघायचं कुणाला काही कारण पडलं नाही.

सकाळी आठला जावयांनी पडदा सारला.

"आई, बूट?"

"बाहेर आहेत," मी म्हटलं. वस्तू जागच्या जागी ठेवल्यासारखी, थोडी ऐटीतच.

त्यांनी ते आत आणले. बाहेर उणे अठरा होतं. ओलं अस्तर गोठून त्यावर बर्फाचा थर धरला होता आणि प्लास्टिक दगड झालं होतं. बकलं हलेनात. नात शर्यतीचा नंबर छातीवर लावून तयार होती. तिने पाय घालून बघितला, घोट्याच्या वर जाईना. जावयांनी केस वाळवायचं यंत्र आणलं आणि एका बुटात ते खुपसून बसले. मुलगी दुसरा बूट नळीवर धरून उभी. दुकानात बदलून मिळतील म्हणून फोन केला तर तिथे दाराबाहेर रांग. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

नात रडलीही नाही. खुर्चीत बसून होती, मोजे घातलेले पाय लोंबकळत, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे.

पाय आत गेला तेव्हा सव्वानऊ वाजले होते. आम्ही पळत डोंगरापाशी पोचलो तोवर शर्यत संपली होती. पोरांच्या गळ्यात लाल-निळ्या फिती पडत होत्या. तिच्या शिक्षिकेने तिला एकटीला वरून सोडलं, पण झेंडे काढायला सुरुवात झाली होती, घड्याळही कुणी लावलं नाही. ती एकदाही न पडता खाली आली. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. तिने हेल्मेट काढलं आणि विचारलं, "आता घरी जायचं?"

त्या वेळी मी चुकले म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. आणि बाहेर काय पडलं? "पण बूट घरात, अन्नाजवळ ठेवणं हे चूकच." मला अजून त्या वाक्याची लाज वाटते. सगळ्या गावाची किळस करून झाली होती, आता माझीच मला आली.

दुपारी सामान भरायला घेतलं. मुलगी पलंगावर कपड्यांच्या घड्या करत होती, मी शेजारी बसून होते, नात खिडकीच्या कट्ट्यावर. मुलीने ठरल्याप्रमाणे विचारलं, "मग, जूनमध्ये आजीकडे जायचं?"

मला वाटलं, आज नको विचारू. पण तिने विचारलं होतं.

 नात कट्ट्यावरून माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तुझ्या गोष्टी मला आवडतात. पण मी तिकडे काही चुकीचं केलं, तर तू मला तसं बघशील."

"कसं बघेन गं? मी कधी तुला काही बोलले का?"

"बोलत नाहीस," ती म्हणाली, आणि तिने करून दाखवलं. नाकपुड्या वर, ओठाचं एक टोक खाली, हनुवटी मागे ओढलेली, आणि डोळे अर्धवट मिटून समोरच्याला पायापासून वर बघत येणारे. चेष्टा म्हणून नाही. मला कळावं म्हणून. जावयांकडे, त्या दाढीवाल्याकडे, कुत्र्यावाल्या बाईकडे बघून मी सहा दिवस हेच तोंड करत होते. आणि तिच्याकडेही, तिने बूट घातला तेव्हापासून.

मी मुलीकडे बघितलं. ती हसेल, पोरीला ओरडेल, काहीतरी सावरून घेईल असं वाटलं. तिचे हात घडी अर्धी ठेवून थांबले होते. ती आपल्या लेकीच्या त्या तोंडाकडे अशी बघत होती जशी खूप वर्षांनी ओळखीचं माणूस दिसल्यावर बघतात. ती बारावीनंतर शिकायला बाहेर पडली ती पुन्हा पनवेलला राहायला आली नाही. मी सगळ्यांना सांगत आले की शिक्षणासाठी गेली, नोकरीसाठी गेली.

"नको जाऊस मग," ती लेकीला म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तिने घडी पुरी केली.